कामाला जायला पहिली गाडी कुठली घ्यावी? बजेट नव्वद हजार, फुलेवाडी ते गोकुळ शिरगाव

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका फौंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) टेस्टिंग लॅबमध्ये रुजू होतेय. घर कोल्हापुरात, फुलेवाडीत. कंपनीची बस आहे, पण ती कावळा नाक्यावरून सुटते आणि तिथं पोचायलाच केएमटीच्या सिटी बसची वाट बघत बसावं लागतं. शिवाय माल निघायचा असेल त्या दिवशी सुटायची वेळ सांगता येणार नाही, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.

एका बाजूचं अंतर साधारण पंधरा किलोमीटर. विद्यापीठापर्यंत गावातला रस्ता, पुढं उजळाईवाडीजवळ हायवे. सगळं मिळून नव्वद हजारात बसवायचंय. पन्नास रोख आहेत, बाकीचे हप्त्यानं. उंची पाच फूट दोन इंच. कॉलेजला असताना आईची स्कुटी चालवायचे. घरचे म्हणतात तीच चालव, नाहीतर नवी स्कुटी घे. पण हायवेच्या कडेच्या खड्ड्यांत ती छोटी चाकं नकोत असं माझं मत. मामाच्या गाडीवर गिअर शिकून झालेत, गावात चालवते.

विचारायचंय ते असं. शंभर सीसी की सव्वाशे? नवी की सेकंडहँड? आणि शोरूमवाले ऑन-रोड म्हणून जो आकडा सांगतात त्यात नक्की काय काय असतं?

धूर_संगट
जाळ आणि धूर संगटच पायजे असंल तर बुलेट. बाकी सगळी खेळणी.

पैपैसा
भावा, बजेट वाच की आधी. बुलेटचं डाउन पेमेंट भरून ताई फुलेवाडीतनं चालत जाणार काय कामाला?

उद्यमनगर_मिस्त्री
ताई, शंभरची घ्या. एकटीनं जायचं, संगट डबा आणि पाण्याची बाटली, एवढ्या वजनाला आठ हॉर्सपॉवर रग्गड झाली. हिरो स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसी, होंडा शाईन १०० चं ९८.९८. दोन्ही साधी, हवेवर गार होणारी, चार गिअरची. ह्यात बिघडायला लई काय नसतंय. आमच्याकडं गाड्या येत्यात त्या इंजिनापायी न्हाई. चेन ताणली न्हाई, ऑइल बदललं न्हाई, एअर फिल्टर कधी उघडूनच बघितला न्हाई, ह्यापायी येत्यात.

फौंड्रीत जाणार म्हणताय तर फिल्टरचं तेवढं ध्यानात ठेवा. काळी वाळू उडत्या तिथं. पार्किंगमधल्या कुठल्याबी गाडीच्या सीटवर बोट फिरवा, कळंल. पुस्तकात फिल्टरचं जेवढं किलोमीटर लिवलंय तेवढं थांबू नका, त्याच्या आधीच बघत जावा. आणि चेन पूर्ण झाकलेली गाडी घ्या. उघडी चेन दिसायला भारी, पण चिखल आणि वाळू बसली की चेनकिट (चेन आणि तिच्या चकऱ्या) खाऊन टाकत्या.

कागलकर
मिस्त्री, तुमचं गावापुरतं बरोबर. मी रोज कागलकडनं हायवेनं येतो, शंभरचीही चालवलीय आणि सव्वाशेचीही. शंभरची गाडी पन्नास-पंचावन्नला सुखात असते. अडचण येते ती ओव्हरटेकला. पुढं ट्रॅक्टर, मागून ट्रक हॉर्न मारतोय आणि तुमच्याकडं पिळायला काही शिल्लक नाही, ही अवस्था वाईट. सव्वाशेच्या गाडीला तिथं थोडा दम असतो. टीव्हीएसची रेडर बघा, १२४.८ सीसी, साडेअकराच्या आसपास पॉवर, पाच गिअर. शाईन १२५ पण आहे.

आणि सध्या सहापदरीकरणाच्या कामामुळं हायवे जागोजागी वळवलाय. कधी सर्व्हिस रोड, कधी नुसती खडी. तिथं पिकअप उपयोगी पडतो.

उद्यमनगर_मिस्त्री
@कागलकर खडीवर पिकअप काय करतोय भावा? तिथं टायर आणि ब्रेक लागतोय. आणि ओव्हरटेक करायचाच कशाला? उजळाईवाडीपासनं गोकुळ शिरगाव किती लांब हाय? ट्रॉलीच्या मागनं जावा की गप. दोन मिनिटं उशिरा पोचाल.

कागलकर
ट्रॉलीच्या मागनं जावा म्हणणाऱ्यानं सीझनमध्ये संध्याकाळी एकदा जाऊन बघावं. कारखाने सुरू झाले की थेट मार्चपर्यंत ऊसच ऊस रस्त्यावर. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला. ट्रॉली दिसते तेव्हा आपण तिच्या बुडाशी पोचलेलो असतो. पाचट पडलेलं असतं, त्यावर पावसाचे चार थेंब पडले की टायर धरत नाही.

ताई, एक गोष्ट लक्षात ठेवा, गाडी कुठलीही घ्या. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. नवीन माणूस पहिल्या ट्रॉलीच्या लांबीचा अंदाज घेऊन बाहेर पडतो आणि पुढं अजून एक निघते. समोरून गाडी आली की मग मध्येच अडकतो. पुढचं सगळं दिसल्याशिवाय बाहेर पडायचं नाही.

पैपैसा
ॲव्हरेजचा विषय निघायच्या आधीच हिशेब मांडतो. रोजचे तीस किलोमीटर, महिन्याला कामाचे पंचवीस दिवस, म्हणजे साडेसातशे किलोमीटर. पेट्रोल १०४ रुपये धरू. गाडीनं लिटरला ६५ दिलं तर साडेअकरा लिटर, साधारण बाराशे रुपये. ५० दिलं तर पंधरा लिटर, १,५६० रुपये. फरक महिन्याला ३६० चा, आणि तोही खूप चांगल्या आणि बऱ्यापैकी वाईट ॲव्हरेजमधला. ६५ आणि ६० मध्ये फरक पडतो तो शंभर रुपयांचा. शंभरच्या दोन गाड्यांत ॲव्हरेजवरून कुणी भांडत असेल तर ते चहाच्या पैशावरून भांडण आहे.

त्यापेक्षा तुमच्या बाजूला, म्हणजे रंकाळा-फुलेवाडीकडं, सर्व्हिस सेंटर आहे का ते बघा. सर्व्हिसिंगसाठी दरवेळी अर्धी रजा टाकावी लागली तर ॲव्हरेजमध्ये वाचलेलं सगळं तिथंच गेलं.

सई_गिअरवाली
शेवटी एक बाई गिअरची गाडी घेतेय म्हणून आनंद झाला. माझी शाईन १०० आहे, उंची तुझ्याएवढीच.

सीटची उंची कागदावर बघून काही कळत नाही. स्प्लेंडर ७८५ मिलिमीटर, शाईन १०० ७८६, रेडर ७८०. म्हणजे तिन्ही सारख्याच. खरा फरक सीटच्या रुंदीचा. पुढं निमुळती असली की पाय सरळ खाली जातो, रुंद असली की मांडी फाकते आणि टाच वर राहते. म्हणून बसूनच बघ. वजनात मात्र मोठा फरक आहे. शाईन १०० ९९ किलो, स्प्लेंडर ११२, रेडर १२३. चालवताना हे जाणवत नाही. कंपनीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या फटीतून आपली गाडी मागं ओढताना प्रत्येक किलो कळतो.

आणि शोरूमला जाताना कामावर घालणार तेच सेफ्टी शूज घालून जा. स्टीलचं टोक असलेला जाड बूट गिअरच्या खाली शिरत नाही. शंभरच्या या गाड्यांना पुढं-मागं दोन्हीकडं दांडी असते, टाचेनंही गिअर पडतो, त्यामुळं काम भागतं. पण नुसती पुढचीच दांडी असलेली गाडी आवडली तर हे आधी बघून घे.

उद्यमनगर_मिस्त्री
सईताईंचं बरोबर. फकस्त हलक्या गाडीला एक हाय, बाजूनं कंटेनर गेला की वाऱ्यानं गाडी थोडी ढकलल्यागत होत्या. घाबरायचं न्हाई, हँडल घट्ट आवळायचं न्हाई, गुडघ्यांनी टाकी धरायची. चार दिवसांत सवय होत्या.

रंकाळाकाठ
सेफ्टी शूजचं माझ्या डोक्यातच नव्हतं. थँक्यू सईताई. गाडीला डबा कुठं अडकवता?

सई_गिअरवाली
पाठीवर सॅक. टाकीवर ठेवू नकोस, ब्रेक मारला की पोटात येते. ओढणी घेत असशील तर गाठ मारून जॅकेटच्या आत. साडीगार्ड असतो, तो काढू नकोस. शोरूमवाले विचारतात "काढू का, चांगलं दिसतंय."

पासिंग_झीरो_नाईन
गाडीच्या आधी लायसन बघा. कॉलेजात स्कुटी चालवायचा म्हणजे लायसन बहुतेक विदाउट गिअरचं असणार. त्यावर मोटरसायकल चालत नाही. गिअरचा वर्ग वाढवून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी त्या वर्गाचं लर्निंग पुन्हा काढावं लागतं. सरकारच्या सारथी साईटवर अर्ज करायचा, आधार जोडलेलं असेल तर लर्निंगची परीक्षा घरबसल्या देता येते. लर्निंग मिळाल्यापासून तीस दिवस झाले की पक्क्याच्या टेस्टला जाता येतं, आणि लर्निंग सहा महिने चालतं.

दंडाची गोष्ट वेगळी. पण योग्य लायसन नसताना अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम इन्शुरन्सवाले नाकारतात. गाडी दारात येईपर्यंत लायसन हातात येईल असं जुळवा.

रंकाळाकाठ
आत्ता काढून बघितलं. विदाउट गिअरच आहे. आजच अर्ज टाकते.

जुनीच_बरी
सेकंडहँडबद्दल कुणी बोलेना म्हणून लिहितो. पन्नास हजार रोख आहेत म्हणताय, तेवढ्यात चार-पाच वर्षं वापरलेली शंभरची चांगली गाडी मिळते, हप्ता नाही, कुणाचं देणं नाही. पहिली गाडी पडणार, घासणार, ते जुन्या गाडीवर झालेलं बरं.

पण आपल्या भागात जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न किलोमीटरचा नाही. ती पुरात होती का, हा पहिला प्रश्न. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै. तेव्हा दुचाक्या पार्किंगमध्ये टाकीपर्यंत, काही तर पूर्ण बुडाल्या होत्या. त्यातल्या कित्येक धुऊन-पुसून विकल्या गेल्या आणि अजून हातोहात फिरताहेत. विकणारा सांगत नाही. कधी त्यालाही माहीत नसतं, कारण तो तिसरा मालक असतो.

काय बघायचं ते सांगतो. सीट काढायला लावा. सीटखालच्या पत्र्याचे सांधे आणि बॅटरीच्या पेटीचे कोपरे बोटानं खरवडा. पुराचा गाळ फार बारीक असतो, कितीही धुतला तरी सांध्यात वाळून राहतो. हेडलाईटच्या काचेला आतून धुरकट रेघ आहे का बघा, पाणी जिथवर चढलं तिथं ती आडवी उमटते. स्पीडोमीटरच्या काचेतही तसंच. मग वायरिंगचे कपलर (वायरी जोडणारे प्लग) दोन-तीन ठिकाणी सोडवा. आतल्या पिना हिरव्या पडल्या असतील तर गाडी सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी. ऑइल दुधाळ दिसतं का बघा असं लोक सांगतात. ते गेल्या आठवड्यात बुडालेल्या गाडीला लागू. तेव्हापासून ऑइल कितीदा तरी बदललं गेलंय, त्यावरून आज काही कळणार नाही. वायरिंग खोटं बोलत नाही.

एप्रिल २०२० च्या आधीची, कार्बोरेटरची गाडी भिजली असेल तर ती निस्तरता येते. त्यानंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या) गाड्यांत कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन, सेन्सर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आहेत. त्या आज चालतात आणि पुढच्या पावसाळ्यात भर रस्त्यात बंद पडतात. मिस्त्री काय म्हणतात?

उद्यमनगर_मिस्त्री
शंभर टक्के. त्यात माझं दोन शब्द. गाडी बघायला जाताना सांगून जाऊ नका, आणि गेल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लावून बघा. गरम असंल तर समजा चालू करून ठेवली हुती. गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला धरलं पायजे. धरल्यावर सायलेन्सरमधनं निळा धूर आला तर ऑइल जळतंय, रिंग-पिस्टनचं काम आलं. पांढरी वाफ सकाळच्या गारठ्यात सगळ्याच गाड्यांना येत्या, तिला भिऊ नका.

मग गाडी मेन स्टँडवर घ्या. पुढचं चाक धरून हँडल हळू दोन्हीकडं फिरवा. मधोमध खटकन अडकलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला. मागचं चाक दोन्ही हातांनी डावी-उजवीकडं हलवा, ढिलं वाटलं तर बुश नाहीतर बेअरिंग. चेन मागच्या चकरीवरनं बोटानं ओढा, दात अर्धा उघडा पडला तर चेनकिट बदलायचं आणि तेवढं पैसं कमी करून मागायचं. हे सगळं उभ्या-उभ्या बघून हुतंय, गॅरेजला न्यायची गरज न्हाई. पण विकणारा गॅरेजला न्यायला न्हाई म्हणाला, तर चहा पिऊन निघायचं.

पासिंग_झीरो_नाईन
जुनी घेणार असाल तर कागदांचंही लिहून ठेवतो. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून आरसी बघा. मालकाचं नाव समोरच्या माणसाशी जुळतं का (ॲपवर ते अर्धवट झाकलेलं असतं, पूर्ण नाव मूळ आरसीवर बघा), फायनान्सचा बोजा आहे का, इन्शुरन्स कधीपर्यंत आहे, हे तिथं दिसतं. ई-चलन थकलेलं आहे का तेही बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसी, फॉर्म २८. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवलीय का पाहा. नसेल तर दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी.

"टीटी फॉर्मवर (नावावर करायच्या फॉर्मवर) सही करून देतो, नावावर सावकाश करा" म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नका. उद्या त्याच्या नावावरच्या गाडीनं कुणाला धडक बसली तर भांडण तुमच्या दोघांचं आणि क्लेम कुणाचाच नाही.

कागलकर
हे सगळं बघायला ताईंबरोबर माणूस पाहिजे. पहिली गाडी घेणाऱ्याला कपलर म्हणजे काय हेच माहीत नसतं. जुनीच_बरी, तुम्हाला गाड्यांतलं कळतं म्हणून जुनी परवडते.

जुनीच_बरी
मान्य. जाणकार माणूस सोबत नसेल तर नवी घ्या.

माजी_सेल्समन
ऑन-रोडचं मी सांगतो, काही वर्षं एका शोरूमच्या काउंटरला होतो. कोटेशन हातात घ्या आणि मधोमध रेघ मारा. रेघेच्या वर चार गोष्टी. एक्स-शोरूम किंमत (गाडीची, जीएसटीसकट), रोड टॅक्स, रजिस्ट्रेशन-नंबरप्लेट, इन्शुरन्स. या टळत नाहीत. रेघेच्या खाली सगळं आमच्या कमिशनचं. टेफ्लॉन कोटिंग, सीट कव्हर, क्रॅश गार्ड, रोडसाइड असिस्टन्स, वाढीव वॉरंटी, हँडलिंग चार्ज. यातलं हवं ते घ्या, पण एकेक विचारून घ्या. "पॅकेजच आहे मॅडम" म्हणाले तर पॅकेज फोडायला सांगा. हँडलिंग तर सरळ नाकारा. आणि गाडीबरोबर आयएसआय हेल्मेट द्यायचा नियम आहे, ते ॲक्सेसरीजमध्ये वेगळं लावलेलं असतं, तेही बघा.

रोड टॅक्स महाराष्ट्रात ९९ सीसीपर्यंत १० टक्के, त्याच्या वर २९९ पर्यंत ११ टक्के. स्प्लेंडर आणि शाईन १०० दोन्ही खालच्या टप्प्यात बसतात. सव्वाशेच्या गाडीची किंमतही जास्त आणि टक्काही जास्त, म्हणून ऑन-रोडला फरक अपेक्षेपेक्षा मोठा दिसतो. आणखी एक. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय. त्याच्या आधीचे व्हिडिओ आणि कोटेशन बघून बजेट ठरवू नका.

आता इन्शुरन्स, कारण इथं सगळे फसतात. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) सक्तीचा आहे, ७५ ते १५० सीसीला ३,८५१ रुपये आणि वर जीएसटी. त्याबरोबर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा सहसा एकाच वर्षाचा जोडलेला असतो. लोक पॉलिसीवर "पाच वर्षं" वाचतात आणि निवांत होतात. दुसऱ्या वर्षी नुकसानीचा भाग संपलेला असतो आणि कुणाला पत्ता नसतो. पुरात गाडी बुडाली, चोरीला गेली, झाड पडलं, यातलं काहीही थर्ड पार्टीत येत नाही. कोल्हापुरात राहून हा भाग दरवर्षी नवा न करणं परवडणारं नाही. इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचा भाव काढून आणा, शोरूमवाले कमी करतात.

जुनीच_बरी
हे खरंच महत्त्वाचं. आणि पाणी चढलंच तर नंतर गाडीला किक मारू नका, सेल्फ तर अजिबात नको. पाण्यासकट इंजिन फिरवलं की नुकसान दुप्पट, आणि क्लेमलाही घोळ होतो. ढकलत न्यायची. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा इशारा पातळीला, म्हणजे ३९ फुटांना पोचली की आमच्या गल्लीत गाड्या उंचावर हलवायला सुरुवात होते. ४३ ची, म्हणजे धोका पातळीची, वाट कुणी बघत नाही.

पतसंस्था_सभासद
चाळीस हजाराच्या हप्त्याबद्दल. शोरूममध्ये बसलेला फायनान्सवाला "फक्त दहा टक्के" म्हणेल. त्याला एकच विचारायचं, फ्लॅट की रिड्यूसिंग? फ्लॅट दहा टक्क्यांनी चाळीस हजारावर दोन वर्षांचं व्याज आठ हजार, हप्ता दोन हजाराचा. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता आणि व्याज शेवटपर्यंत पूर्ण चाळीसवर लागतं. रिड्यूसिंगमध्ये मोजलं तर हाच दर अठराच्या आसपास जातो. तेच चाळीस हजार रिड्यूसिंग बारा टक्क्यांनी घेतले तर हप्ता १,८८३ रुपये आणि दोन वर्षांचं व्याज सव्वापाच हजाराच्या आत.

आपल्याकडं गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, कुठल्या ना कुठल्या सोसायटीत वडील किंवा मामा सभासद असतातच. आधी तिथं विचारा. आणि प्रोसेसिंग फी, फाइल चार्ज मिळून किती कापणार ते लेखी घ्या. कर्ज फिटल्यावर बोजा उतरवायला विसरू नका, ते आपोआप होत नाही.

वीजवाला
इलेक्ट्रिक का नाही? रोजचे तीस किलोमीटर म्हणजे इलेक्ट्रिकला अगदी सोपं. महाराष्ट्रात रोड टॅक्सही माफ.

रंकाळाकाठ
विचार केला होता. आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो, खाली प्लग नाही आणि घरमालक लावू देणार नाहीत. आणि इलेक्ट्रिक म्हणजे बहुतेक स्कुटरच, पुन्हा छोटी चाकं.

वीजवाला
मग राहू दे. प्लग नसेल तर काही अर्थ नाही.

धूर_संगट
स्कुटरला नावं ठेवू नका. निम्मं कोल्हापूर ॲक्टिव्हावर एमआयडीसीला जातंय.

सई_गिअरवाली
जातंय, मान्य. मीही आधी स्कुटरच चालवायचे, आणि सामान ठेवायला तिच्यासारखं सुख नाही. पण ॲक्टिव्हाचं मागचं चाक दहा इंचाचं, पुढचं बारा. स्प्लेंडरची दोन्ही अठरा, शाईन १०० ची सतरा. खड्ड्यात मोठं चाक वरून निघून जातं, छोटं आत उतरतं. पावसात खड्डा पाण्यानं भरलेला असताना तो किती खोल आहे हे दिसत नाही, तेव्हा हा फरक हाताला कळतो.

उद्यमनगर_मिस्त्री
पावसावरनं आठवलं. ह्या गाड्यांना मागं ड्रमच ब्रेक असतोय, कैक मॉडेलला पुढंबी. पाण्यातनं गाडी काढली की ड्रम भिजतोय आणि पुढचा ब्रेक लागतच न्हाई म्हणून माणसं घाबरत्यात. पाण्यातनं बाहेर आल्यावर थोडं अंतर दोन्ही ब्रेक हलकं दाबत जायचं, गरम होऊन वाळतंय. आता सव्वाशेपर्यंतच्या गाड्यांना जोडब्रेक असतोय, पायाचा दाबला की पुढचाबी थोडा लागतोय. पण म्हणून हाताचा ब्रेक वापरायचा सोडू नका. नवीन माणूस नुसता पायानं ब्रेक मारतोय आणि ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरवतोय.

रंकाळाकाठ
शनिवारी मामाला घेऊन दोन शोरूम फिरून आले, सेफ्टी शूज घालून. अपडेट देते.

रेडर चालवून बघितली. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण इन्शुरन्स, हेल्मेट, रेनकोट धरलं की बजेटच्या बाहेर जाते. स्प्लेंडर आणि शाईन १०० दोन्हींवर पाय टेकतात. शाईन पार्किंगमध्ये वळवताना फारच हलकी वाटली. स्प्लेंडर हायवेला जास्त ठाम वाटली, पण ते माझ्या मनाचंही असू शकेल. कोटेशन मागितलं तर पहिल्या कागदावर "ॲक्सेसरीज किट" म्हणून एकच आकडा होता. फोडून मागितल्यावर त्यात कोटिंग, सीट कव्हर आणि हेल्मेट निघालं. हेल्मेट नियमानं मिळतं ना, असं विचारल्यावर आतल्या साहेबांना विचारून आले आणि ती रक्कम काढली.

मामाच्या पतसंस्थेत रिड्यूसिंगनं कर्ज मिळतंय, जामीनदार मामा. मला शाईन घ्यावीशी वाटतेय. मामा म्हणतो स्प्लेंडर, विकताना किंमत येते.

पैपैसा
विकताना किंमत येते हे खरं, पण तुम्ही ती घेताना जास्त मोजलेलीच असते. पहिल्या गाडीला विकायचा विचार कशाला? हाताला हलकी वाटते ती घ्या.

कागलकर
मी अजूनही सव्वाशेच म्हणेन. पण बजेट ते बजेट.

जुनीच_बरी
शाईनला मत. मामांना सांगा, जामीनदाराला सल्ला द्यायचा हक्क आहे, गाडी निवडायचा नाही :)

माजी_सेल्समन
कुठलीही ठरवा, पैसे भरायच्या आधी चासी नंबर मागून घ्या आणि गाडी कुठल्या महिन्यात बनलीय ते विचारा. फार महिने गोडाउनमध्ये उभी असलेली गाडी देत असतील तर बॅटरी आणि टायर बघा, आणि त्याबद्दल किंमत कमी करून मागा. पाडव्याला किंवा दसऱ्यालाच डिलिव्हरी पाहिजे असा हट्ट धरू नका. मुहूर्ताच्या गर्दीत आम्ही गाड्या नीट तपासून देत नव्हतो, खरं सांगतो. मधल्या एखाद्या मंगळवारी घ्या, निवांत दाखवतील.

रंकाळाकाठ
लर्निंगची परीक्षा पास झाले. पक्क्याच्या टेस्टला महिना आहे, तोपर्यंत कंपनीची बस. गाडी त्याच सुमाराला बुक करते. टेस्टला मामाची गाडी चालेल ना, की स्वतःच्या नावावरचीच लागते?

पासिंग_झीरो_नाईन
मामांची चालेल. गाडीची आरसी, चालू इन्शुरन्स आणि पीयूसी सोबत ठेवा. टेस्टला हेल्मेट घालूनच जा. लर्निंगवर सराव करताना गाडीला पुढं-मागं लाल "एल" लावा आणि मागं मामांना बसवा.

उद्यमनगर_मिस्त्री
आणि ताई, गाडी आली की पहिली सर्व्हिसिंग पुस्तकात लिवल्या किलोमीटरलाच करा, फुकट हाय म्हणून लांबवू नका. पहिलं ऑइल सगळ्यात घाण निघतंय.

सई_गिअरवाली
रंग कुठला घेतेस?